ईआरपी ही नेमकी कोणत्या प्रकारची माहिती प्रणाली?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. एका मध्यम आकाराच्या उत्पादन संस्थेत नुकतीच ईआरपी (एंटरप्राइझ रिसोर्स प्लॅनिंग), म्हणजे सगळ्या विभागांचे काम एकाच डेटाबेसवर आणणारी प्रणाली, सुरू झाली आहे. प्रश्नकर्त्यांनी अभ्यासक्रमात माहिती प्रणालींचा पिरॅमिड शिकलेला आहे: तळाशी व्यवहार प्रक्रिया प्रणाली, तिच्यावर व्यवस्थापन माहिती प्रणाली म्हणजे एमआयएस, त्यावर निर्णय सहाय्य प्रणाली आणि शिखरावर वरिष्ठांसाठीची कार्यकारी माहिती प्रणाली. आपली ईआरपी यांपैकी कोणत्या पायरीवर धरायची, आणि संचालक मंडळ डॅशबोर्ड, म्हणजे मुख्य आकडे एका दृष्टिक्षेपात दाखवणारा पडदा, मागत आहे त्यासाठी निराळी प्रणाली विकत घ्यावी लागेल का, असे त्यांनी विचारले आहे.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे की ईआरपी कोणत्याही एका पायरीवर बसत नाही. पिरॅमिडमधील प्रकार हे बाजारात मिळणाऱ्या सॉफ्टवेअरचे प्रकार नाहीत; माहिती ज्या कामासाठी वापरली जाते त्या कामाचे ते प्रकार आहेत. गोदामातला कर्मचारी मालाची आवक नोंदवतो तेव्हा ईआरपी ही व्यवहार प्रक्रिया प्रणाली असते. महिनाअखेरीस खरेदी व्यवस्थापक त्याच नोंदींवरून उशिरा माल देणाऱ्या पुरवठादारांची यादी काढतो तेव्हा ती एमआयएस होते. मागणी 20 टक्क्यांनी वाढली तर कोणता सुटा भाग सर्वांत आधी संपेल, असे नियोजक तिला विचारतो तेव्हा तीच निर्णय सहाय्य प्रणालीचे काम करते. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र या पायऱ्यांमधील नाते नीट पाहिल्याशिवाय देता येणार नाही, म्हणून आधी तिकडे वळतो.

हा पिरॅमिड आला कुठून हे पाहिले तर बराच गोंधळ मिटतो. हार्वर्डचे रॉबर्ट अँथनी यांनी 1965 मध्ये व्यवस्थापनाच्या कामाचे तीन स्तर मांडले: धोरणात्मक नियोजन, व्यवस्थापकीय नियंत्रण आणि दैनंदिन कामकाजाचे नियंत्रण. त्याआधी 1960 मध्ये हर्बर्ट सायमन यांनी निर्णयांची विभागणी वेगळ्याच अंगाने केली होती. काही निर्णय ठरलेल्या रीतीने घेता येतात, तर काहींना अशी रीतच नसते आणि दरवेळी नव्याने विचार करावा लागतो. एमआयटीचे अँथनी गॉरी आणि मायकेल स्कॉट मॉर्टन यांनी 1971 मध्ये या दोन्ही विभागण्या आडव्या-उभ्या ठेवून एक तक्ता तयार केला. पाठ्यपुस्तकांतील पिरॅमिडने त्या तक्त्याचा रॉबर्ट अँथनींचा, म्हणजे स्तरांचा, अक्ष तेवढा उचलला आणि सायमन यांचा सोडून दिला, असे माझे मत आहे. त्यामुळे तळाचे सगळे निर्णय साचेबद्ध आणि वरचे सगळे अंतःप्रेरणेचे, अशी चुकीची समजूत तयार होते. प्रत्यक्षात नवे गोदाम किंवा कारखाना कुठे उभारावा हा धोरणात्मक निर्णय असूनही त्याचा मोठा भाग गणिताने सोडवता येतो, आणि मूळ तक्त्यातही तो साचेबद्ध निर्णयांच्या रकान्यात ठेवला होता. उलट एखादे यंत्र बंद पडल्यावर आजची कोणती ऑर्डर मागे ठेवायची हा प्रश्न तळाच्या स्तरावरचा असतो, पण त्याला ठरीव उत्तर नसते. म्हणून आपल्याकडे कोणत्या प्रकारची प्रणाली हवी हे ठरवताना वापरणाऱ्याचे पद बघण्यापेक्षा तो कोणता निर्णय घेणार आहे आणि त्या निर्णयाला रीत आहे की नाही, हे आधी विचारावे.

आता तळापासून सुरुवात करू. सर्वांत जास्त वेळ मी इथेच घालवणार आहे, कारण वरच्या पायऱ्यांवर जे बिघडलेले दिसते त्याचे मूळ बहुतेक वेळा इथे सापडते.

व्यवहार म्हणजे संस्थेच्या बाबतीत घडलेली आणि नोंद ठेवलीच पाहिजे अशी घटना: ऑर्डर आली, माल आत आला, माल उत्पादनासाठी दिला गेला, बिल निघाले, पैसे मिळाले, कामगाराची हजेरी लागली. अशा नोंदी घेण्यासाठी संगणक वापरण्याची कल्पना जवळजवळ संगणकाइतकीच जुनी आहे. ब्रिटनमध्ये चहागृहे आणि बेकऱ्या चालवणाऱ्या जे. लायन्स या कंपनीने स्वतःच्या कार्यालयीन हिशेबांसाठी लिओ नावाचा संगणक बांधला आणि 1951 च्या नोव्हेंबरमध्ये त्यावर बेकरीच्या मालाचे मूल्यांकन चालवले. तो बॅच पद्धतीचा काळ होता. दिवसाच्या नोंदी साठवायच्या आणि मग एकगठ्ठा चालवायच्या. विमानाच्या आसनांचे आरक्षण मात्र असे चालत नाही, कारण एकच आसन दोन शहरांतले दोन प्रतिनिधी एकाच क्षणी विकू शकतात. अमेरिकन एअरलाइन्सने आयबीएमबरोबर उभारलेली सेबर ही आरक्षण प्रणाली 1964 पर्यंत पूर्णपणे कार्यान्वित झाली, आणि घटना घडताच नोंद होऊन ती सर्वांना तत्काळ दिसण्याची पद्धत व्यापारी जगात तिथून रुजली. दोन्ही पद्धती आजही शेजारी-शेजारी नांदतात. वेतनाची गणना महिन्यातून एकदा बॅचनेच होते आणि त्यात काही कमीपणा नाही. साठ्याची नोंद मात्र त्याच क्षणी झाली पाहिजे.

अशा प्रणालीकडून ज्या चार गुणांची अपेक्षा असते त्यांना 1983 मध्ये टेओ हार्डर आणि आंद्रेआस रॉयटर यांनी 'ॲसिड' हे आद्याक्षरी नाव दिले. व्यवहार पूर्ण व्हावा किंवा मुळीच होऊ नये. त्यामुळे ठरवलेले नियम मोडू नयेत. एकाच वेळी चाललेल्या दोन व्यवहारांनी एकमेकांत ढवळाढवळ करू नये. आणि एकदा नोंदलेला व्यवहार वीज गेली तरी टिकावा. उदाहरणार्थ, गोदामातून 50 बेअरिंग उत्पादनाला दिली की गोदामाचा साठा कमी झाला पाहिजे आणि त्या उत्पादन ऑर्डरचा खर्च वाढला पाहिजे. यांतली एकच गोष्ट होऊन दुसरी राहिली तर हिशेब कायमचा बिघडतो, आणि तो कुठे बिघडला हे नंतर शोधणे फार कष्टाचे असते. हे काम डेटाबेस चोख करतो. पण घटना खरोखर कधी घडली हे डेटाबेसला कळत नाही. त्याला फक्त नोंद कधी झाली हे कळते.

याच फटीतून सर्वाधिक चुका आत येतात. एका कारखान्यात मला बोलावले होते ते काही मालांचा साठा उणे दिसतो म्हणून. गोदामात उणे पाच पेट्या असू शकत नाहीत हे सगळ्यांना मान्य होते, पण दोष सॉफ्टवेअरचा आहे यावरही सगळ्यांचे एकमत होते. प्रत्यक्षात उत्पादन विभाग माल घेताच जागच्या जागी नोंद करत असे, आणि मालाची आवक मात्र कागदावर लिहून दुसऱ्या दिवशी सकाळी कार्यालयातून भरली जात असे. माल नोंदीत येण्यापूर्वीच वापरला जात होता. नोंद अडू नये म्हणून कोणीतरी उणे साठा चालू देण्याची सेटिंग सुरू करून ठेवली होती. त्याचा परिणाम साठ्यापुरता राहिला नाही. सरासरी दराने मूल्यांकन होत असल्यामुळे उणे साठ्यावर नवी आवक चढताना मालाचा दर विचित्र होत गेला आणि उत्पादनखर्चाचे सगळे अहवाल निरर्थक ठरले. उपाय एवढाच होता की आवक दारावरच स्कॅनरने नोंदवायची आणि ती सेटिंग बंद करायची. बारकोडचे खरे मोल मी यातच पाहतो. 26 जून 1974 रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यात एका सुपरमार्केटमध्ये पहिल्यांदा वस्तूवरचा प्रमाणित बारकोड वाचला गेला, तेव्हापासून वस्तू हलणे आणि तिची नोंद होणे यांतले अंतर जवळजवळ नाहीसे करता येऊ लागले.

तळाच्या प्रणालीबद्दल आणखी दोन गोष्टी सांगितल्या पाहिजेत. चुकलेली नोंद पुसायची नसते, तिच्याविरुद्ध उलटी नोंद करायची असते, म्हणजे काय घडले आणि काय दुरुस्त झाले याचा माग राहतो. तसेच पुरवठादाराचे खाते उघडणारी व्यक्ती आणि त्याला पैसे देणारी व्यक्ती एकच असू नये. हा नियम संगणकाच्या आधीपासूनचा आहे, पण ईआरपीत वापरकर्त्यांना अधिकार वाटताना तो सर्रास मोडला जातो, कारण सुरुवातीच्या घाईत सगळ्यांना सगळे अधिकार देणे सोपे जाते. आपली प्रणाली नुकतीच सुरू झाली असेल तर अधिकारांची यादी आजच काढून पाहावी.

आता एमआयएसकडे येतो. व्यवहारांच्या नोंदी जमा झाल्या की त्यांची बेरीज, तुलना आणि वर्गवारी करून व्यवस्थापकाला देणे हे तिचे काम. ठरलेल्या मुदतीने येणारा अहवाल, मर्यादा ओलांडली तरच येणारा अपवादात्मक अहवाल आणि मागितल्यावर मिळणारा अहवाल असे त्याचे तीन नमुने सांगितले जातात. यांतला दुसरा सर्वांत उपयुक्त आणि सर्वांत दुर्लक्षित असतो. रसेल ॲकॉफ यांनी 1967 मध्येच दाखवून दिले होते की व्यवस्थापकाला माहिती कमी पडते ही समजूत तपासून घ्यायला हवी; त्याला खरा त्रास होतो तो बिनकामाच्या माहितीच्या ढिगाचा. माझा अनुभव याहून वेगळा नाही. एका संस्थेत वरिष्ठांच्या संमतीने आम्ही रोज जाणाऱ्या सर्व अहवालांचे वितरण दोन आठवडे थांबवले. विचारणा झाली ती बोटांवर मोजण्याइतक्या अहवालांची, आणि त्यांतला एक अहवाल असा निघाला की त्यातली एकच ओळ वाचली जात होती.

एमआयएसमधला दुसरा आजार व्याख्यांचा आहे. विक्री किती झाली या साध्या प्रश्नाला विक्री विभाग मिळालेल्या ऑर्डरींचा आकडा सांगतो, गोदाम रवाना झालेल्या मालाचा आणि लेखा विभाग निघालेल्या बिलांचा. तिन्ही आकडे खरे असतात आणि तिन्ही वेगळे असतात. बैठकीत यावरून तास-तासभर वाद होतो आणि शेवटी संगणकाचा आकडा चुकीचा आहे असा निष्कर्ष निघतो. यावर तांत्रिक उपाय नाही. संस्थेने प्रत्येक महत्त्वाच्या आकड्याची व्याख्या लिहून काढली पाहिजे, त्या आकड्याचा मालक ठरवला पाहिजे, आणि परत आलेला माल, कर, सवलत व महिन्याच्या शेवटच्या दिवशी वाटेत असलेला माल यांचे काय करायचे हेही त्यात लिहिले पाहिजे. हे काम कंटाळवाणे आहे आणि ते कोणी सल्लागाराकडून करून घेऊ नये, कारण व्याख्या ठरवणे हा शेवटी अधिकाराचा प्रश्न असतो.

अहवाल चालू डेटाबेसवरून काढायचे की वेगळ्या डेटा वेअरहाउसमधून, म्हणजे फक्त अहवालांसाठी ठेवलेल्या माहितीच्या साठ्यातून, हा निर्णयही इथेच येतो. एडगर कॉड यांनी 1970 मध्ये मांडलेल्या रिलेशनल प्रतिमानावर, म्हणजे माहिती एकमेकांशी जोडता येणाऱ्या तक्त्यांत ठेवण्याच्या पद्धतीवर, आजच्या बहुतेक ईआरपी उभ्या आहेत. त्यात एक गोष्ट शक्यतो एकाच ठिकाणी ठेवण्याची शिस्त असते, आणि व्यवहार नोंदवायला ती उत्तम ठरते. पाच वर्षांच्या विक्रीची विभागवार तुलना करायची म्हटली की मात्र त्याच शिस्तीमुळे डझनभर तक्ते जोडावे लागतात, आणि तेवढा वेळ डेटाबेसवर इतका ताण येतो की बाहेर बिल काढणारा माणूस थांबून राहतो. आणखी एक अडचण सहज लक्षात येत नाही. चालू प्रणाली सद्यःस्थिती जपते. एखादा ग्राहक एका विक्री विभागातून दुसऱ्यात हलवला की काही प्रणालींत त्याची मागची सगळी विक्रीही नव्या विभागात दिसू लागते, आणि गेल्या वर्षीचा छापलेला अहवाल व आज काढलेला गेल्या वर्षीचा अहवाल जुळेनासे होतात. बिल इन्मन यांनी डेटा वेअरहाउसची जी चार लक्षणे सांगितली, म्हणजे विषयानुसार मांडणी, अनेक स्रोतांचे एकत्रीकरण, काळाची नोंद आणि एकदा आलेली माहिती न बदलणे, त्यांतली शेवटची दोन नेमकी याच दुखण्यावर आहेत. राल्फ किंबॉल यांनी मांडणी अधिक सुटसुटीत केली: मधोमध मोजमापांचा तक्ता आणि भोवती ग्राहक, वस्तू, काळ, ठिकाण असे वर्णनाचे तक्ते. छोट्या संस्थेने सुरुवात किंबॉल यांच्या पद्धतीने करावी, असे मी सुचवतो.

निर्णय सहाय्य प्रणाली आणि एमआयएस यांच्यातला फरक विद्यार्थ्यांना पाठ असतो, पण कामात ओळखता येत नाही. साधी खूण अशी की एमआयएस जे घडले ते सांगते, आणि निर्णय सहाय्य प्रणालीत एक प्रतिमान (मॉडेल) असते ज्याचे आकडे बदलून, अजून न घडलेल्या स्थितीचा अंदाज घेता येतो. ते प्रतिमान साधे सूत्र असू शकते. एका वेळी किती माल मागवावा हे सांगणारे फोर्ड हॅरिस यांचे सूत्र 1913 चे आहे, आणि मर्यादित साधनांची वाटणी करणारी रेषीय प्रायोजनाची जॉर्ज डँट्झिग यांची सिम्प्लेक्स पद्धत 1947 ची. संगणकाने ती प्रतिमाने व्यवस्थापकाच्या टेबलावर आणली, आणि 1979 मध्ये डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांच्या व्हिजिकॅल्कने स्प्रेडशीट जन्माला घातली तेव्हा निर्णय सहाय्य प्रणाली तयार करण्यासाठी प्रोग्रामरची गरजच उरली नाही. आजही संस्थांमधली सर्वाधिक वापरली जाणारी निर्णय सहाय्य प्रणाली म्हणजे स्प्रेडशीटच होय, मग आराखड्यात तिचे नाव असो वा नसो.

स्प्रेडशीटला मी विरोध करत नाही. विचार करून पाहण्यासाठी तिच्यासारखे साधन नाही. पण ती व्यवहार प्रणालीच्या जागी बसवली की धोका सुरू होतो, आणि हे बहुतेक वेळा कोणाच्या लक्षात न येता होते. 2020 च्या ऑक्टोबरमध्ये इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेचे उदाहरण जगजाहीर झाले. प्रयोगशाळांकडून आलेले कोरोना चाचण्यांचे निकाल पुढे पाठवताना एक्सेलच्या जुन्या फाइल-प्रकारात उतरवले जात होते. त्या प्रकारात एका पानावर 65,536 ओळींहून अधिक मावत नाहीत. जास्तीच्या ओळी वगळल्या गेल्या, आणि 25 सप्टेंबर ते 2 ऑक्टोबर या काळातील 15,841 बाधितांची नोंद दैनिक आकडेवारीत आली नाही. त्यांच्या संपर्कातील लोकांचा शोधही लांबला. तिथे दोन मोठ्या प्रणालींच्या मधला पूल म्हणून एक साधी फाइल बसली होती. आपल्या संस्थेतही ईआरपीतून काढून, स्प्रेडशीटमध्ये सुधारून, पुन्हा दुसरीकडे भरल्या जाणाऱ्या फाइली किती आहेत याची मोजदाद करावी. बहुधा उत्पादनाचे साप्ताहिक वेळापत्रक त्यांत सापडेल.

तज्ज्ञ प्रणाली या निर्णय सहाय्याच्या शेजारच्या. त्यांच्यात माणसाचे ज्ञान 'असे असेल तर असे करावे' या नियमांच्या रूपात भरलेले असते. स्टॅनफर्डची मायसिन ही प्रणाली 1970 च्या दशकात जंतुसंसर्गाचे निदान आणि औषध सुचवत असे, पण ती रुग्णालयांच्या रोजच्या वापरात आली नाही. व्यापारात यश मिळाले ते जॉन मॅक्डरमॉट यांनी डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनसाठी तयार केलेल्या एक्सकॉनला. ग्राहकाने मागवलेल्या संगणकासाठी कोणते भाग लागतील आणि ते कसे जोडावेत हे ती 1980 पासून ठरवू लागली. तिचे नियम हजारोंच्या घरात गेले आणि उत्पादने बदलत राहिल्याने त्यांची देखभाल हेच एक मोठे काम होऊन बसले. आज यंत्र-शिक्षणावर चालणाऱ्या प्रणाली नियम लिहून घेत नाहीत, जुन्या नोंदींवरून स्वतः बांधतात. त्यामुळे देखभालीचे स्वरूप बदलले, ओझे कमी झालेले नाही. ज्या नोंदींवर त्या शिकतात त्या पुन्हा तळाच्या व्यवहार प्रणालीतूनच येतात, आणि वर सांगितलेल्या कारखान्याच्या साठ्यावर असे काही शिकवले असते तर त्या प्रतिमानाने काय शिकले असते याची कल्पना करावी.

कार्यकारी माहिती प्रणालीबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. जॉन रॉकार्ट यांनी 1979 मध्ये मांडलेली कळीच्या यशघटकांची कल्पना अजूनही तिचा सर्वोत्तम पाया आहे: वरिष्ठाने आधी कोणत्या मोजक्या गोष्टी बिघडल्या तर संस्था बिघडेल ते सांगावे आणि मग तेवढ्याचीच मोजमापे मागावीत. चांगल्या प्रणालीत बेरजेच्या आकड्यापासून मूळ व्यवहारापर्यंत उतरत जाता येते, आणि बाजारभाव, स्पर्धक, व्याजदर अशी बाहेरची माहितीही असते, जी ईआरपीत सहसा नसते. डॅशबोर्ड हे याच प्रणालीचे आजचे नाव.

ईआरपी या सगळ्यात वेगळ्या अंगाने येते. पायऱ्यांच्या विभागणीला छेद देणारी दुसरी विभागणी विभागवार आहे: लेखा, खरेदी, उत्पादन, मनुष्यबळ, विक्री. एके काळी प्रत्येक विभागाची स्वतंत्र प्रणाली असे आणि एकच ग्राहक तीन ठिकाणी तीन नावांनी नोंदलेला असे. ईआरपीचे मूळ मात्र लेख्यात नाही, कारखान्यात आहे. 1960 च्या दशकात जोसेफ ऑर्लिकी यांनी सामग्रीच्या गरजेचे नियोजन, म्हणजे एमआरपी, विकसित केले. त्याचा तर्क साधा आहे. 100 ढकलगाड्या करायच्या असतील आणि प्रत्येकीला 4 चाके लागत असतील तर 400 चाके हवीत. 150 साठ्यात आहेत, 100 वाटेत आहेत, म्हणून 150 मागवायची. पुरवठादाराला तीन आठवडे लागतात, म्हणून मागणी तीन आठवडे आधी जायला हवी. हाच हिशेब हजारो भागांसाठी आणि अनेक पातळ्यांवर करायचा. पुढे त्यात यंत्रांची क्षमता आणि खर्च मिळवून एमआरपी-दोन झाली, आणि सगळ्या विभागांना एकाच डेटाबेसवर आणणाऱ्या प्रणालीला गार्टनर या संशोधन व सल्लागार कंपनीने 1990 मध्ये ईआरपी हे नाव दिले. सॅप या जर्मन सॉफ्टवेअर कंपनीची आर-थ्री ही ईआरपी प्रणाली 1992 मध्ये आली आणि नंतर मोठ्या संस्थांमध्ये सर्वत्र पसरली. वरच्या चाकांच्या उदाहरणात साठ्याचा आकडा 150 ऐवजी उणे असता तर काय झाले असते, हे पाहिले की तळाच्या नोंदींवर एवढा भर का दिला ते ध्यानात येईल.

एकाच डेटाबेसवर सगळे आणण्याचा फायदा आणि धोका एकच आहे: एका विभागाची चूक त्याच क्षणी सगळ्यांची होते. 1999 मध्ये हर्शी या चॉकलेट कंपनीने ईआरपी, ग्राहक संबंध आणि पुरवठा नियोजन अशा तीन प्रणाली एकाच वेळी, तेही हॅलोविन या ऑक्टोबरअखेरच्या सणाच्या मोठ्या हंगामाच्या तोंडावर, सुरू केल्या. गोदामात माल असूनही ऑर्डरी वेळेत जाऊ शकल्या नाहीत.

ग्राहक संबंध प्रणाली म्हणजे सीआरएम आणि पुरवठा साखळी प्रणाली या ईआरपीच्या दोन्ही बाजूंना संस्थेबाहेर हात लांबवतात. त्यांतल्या दुसरीमागचे कारण सांगण्यासारखे आहे. ग्राहकाच्या मागणीतला लहानसा चढउतार किरकोळ विक्रेत्याकडून वितरकाकडे आणि तिथून उत्पादकाकडे जाताना मोठा होत जातो, कारण प्रत्येक जण आपल्या अंदाजावर थोडी भर टाकून पुढे मागणी नोंदवतो. प्रत्यक्ष विक्रीचा आकडा साखळीतल्या सगळ्यांना दिसला तर हा फुगवटा कमी होतो. कार्यालयीन कामाच्या प्रणाली, ईमेल, दस्तऐवज व्यवस्थापन, ज्ञान व्यवस्थापन यांचा उल्लेख पूर्णतेसाठी करतो. कारखान्यात यंत्रे नियंत्रित करणारी प्रणाली, म्हणजे पीएलसी आणि स्काडा, मात्र यादीतून सुटू देऊ नये. उत्पादनाचे खरे आकडे तिच्याकडे असतात आणि ते ईआरपीत अनेकदा हातानेच भरले जातात.

आता दुसरा प्रश्न. डॅशबोर्डसाठी आज निराळी प्रणाली घेऊ नये, असे मी सांगेन. आपली ईआरपी नवी आहे. तिच्यात तुलनेपुरता इतिहास नाही आणि नोंदींची शिस्त अजून बसायची आहे. संचालक मंडळाकडून पाच-सहाच आकडे मागून घ्यावेत, प्रत्येकाची व्याख्या व मालक लिहावा, आणि ते ईआरपीच्याच अहवालांतून तीन महिने द्यावेत. दर महिन्याचे खाते बंद झाल्यावर हे आकडे लेख्यांशी ताडून पाहावेत. फरक आला तर तो कोणत्या नोंदीपासून सुरू झाला तिथपर्यंत उतरावे. पहिल्या महिन्यात तो बहुधा आवक नोंदवण्याच्या वेळेत किंवा परत आलेल्या मालात सापडेल.

वेगळ्या डेटा वेअरहाउसची गरज तेव्हा मानावी जेव्हा यांतली एखादी गोष्ट घडेल: ईआरपीबरोबर स्काडा किंवा सीआरएममधली माहिती एकाच अहवालात आणावी लागेल, अहवालांमुळे बिले काढणे मंदावेल, किंवा मागच्या काळाचे आकडे बदलल्याच्या तक्रारी येऊ लागतील. त्याआधी डॅशबोर्डचे एखादे साधन घेतलेच, तर ते चालू डेटाबेसला थेट जोडू नये. रात्री घेतलेल्या प्रतीवर जोडावे आणि आकडे कोणत्या दिवसाचे व कोणत्या वेळेचे आहेत हे पडद्यावर ठळक लिहावे, नाहीतर सकाळच्या बैठकीत आदल्या संध्याकाळचा साठा आजचा म्हणून वाचला जाईल.